कार्डाचा फाडलेला कोपरा

आमच्या घरात कापडाने भरलेल्या चार ट्रंका आहेत आणि त्यांच्यावरून वर्षाकाठी निदान आठ भांडणं होतात. नवऱ्याचं म्हणणं असं, की नंदुरबारात कापडाची इतकी दुकानं असताना घरात आणखी एक कशाला. मी त्यांना हजारदा सांगितलंय, की दुकानात हल्ली मिळतं ते गोधडीच्या कामाचं नसतं. त्यात सुई घातली की दोरा सरकतो, उन्हाळ्यात ते अंगाला चिकटतं, आणि थंडीत त्याची ऊब म्हणाल तर शून्य. गोधडीला लागतं सुती, तेही वापरून वापरून मऊ पडलेलं. असं कापड विकत मिळत नाही, ते कुणाच्या तरी अंगावरून उतरावं लागतं. माझं हे बोलणं अर्ध्यावर आलं की ते पेपर उघडतात.

तरी नवरा परवडला, भांडीवाली परवडत नाही. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी ही बाई दर पंधरवड्याला आमच्या गल्लीत हाळी देते, आणि बायका सासूची, आईची धुवट सुती लुगडी तिच्या टोपलीत टाकून चहाची गाळणी घेतात. एका लुगड्यावर एक गाळणी. एकदा मला राहवलं नाही. चप्पल न घालता धावत गेले आणि शेजारणीच्या हातातलं जांभळं लुगडं धरलं. म्हटलं, गाळणी मी देते, हे मला द्या. तिने दिलं, पण अशा नजरेने दिलं की घेताना माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीभर बोभाटा झाला, की रिटायर झालेल्या मॅडमना जुने कपडे लागतात. त्याच आठवड्यात कुणीतरी फाटक्या बनियनांची पिशवी आमच्या फाटकाला अडकवून गेलं. मला इतका संताप आला की ती पिशवी मी दोन दिवस तशीच लटकू दिली, ज्याची असेल त्याला दिसू दे म्हणून.

हे वेड मला मोलगीला लागलं. नोकरीची पहिली काही वर्षं मी तिथल्या शाळेत होते. आठवडे बाजाराला पाड्यापाड्यांवरून माणसं जीपमधून नाहीतर पायी यायची, आणि बाजाराच्या एका कडेला दोन शिंपी मशीन मांडून बसायचे. त्यांच्या पायाशी पडलेल्या चिंध्या मी उकिडवी बसून वेचायची. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया बाजूला उभ्या राहून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणायच्या आणि हसायच्या. काय म्हणायच्या ते मला कधी कळलं नाही, आणि ते बरंच झालं.

कार्डांचं खूळ मात्र निवृत्तीनंतरचं. दरवर्षी घरात शे-दीडशे लग्नपत्रिका येतात. त्यांचा पुठ्ठा जाड आणि चांगला असतो. तो कापून, कोऱ्या बाजूवर कापडाचे तुकडे धावदोऱ्याने टाचून मी वाढदिवसाची, बरं होण्याच्या शुभेच्छांची कार्डं करते. मोबाइलवर बघून बघून शिकले. पण आमच्या भागात हाती दिलेलं जाड कार्ड म्हणजे पत्रिका, हे इतकं पक्कं बसलंय की सांगून सोय नाही. शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाला मी पिवळ्या कापडाचं कार्ड दिलं, तर त्याच्या आजीने त्याला हळदकुंकू लावून देवापुढे ठेवलं आणि मला विचारलं, लग्न कोणाचं, हळद कोणत्या दिवशी. मी आत लिहिलेलं वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकलं, मान डोलावली आणि परत विचारलं, पण लग्न कोणाचं? मी कपाळाला हात लावला. तेव्हा ते हसण्यावारी नेलं. तेव्हाच शहाणी व्हायला हवं होतं.

माझा भाऊ माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आमची शेती सारंगखेड्याजवळ, तापीकाठी, तो तिथेच राहतो. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलंय, त्यामुळे तो माझा भाऊ कमी आणि पोर जास्त. त्याच्या लग्नाला बारा वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. वहिनीला दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा अर्ध्यावर गेलं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा पाचवा महिना उलटेपर्यंत भावाने कुणाला कळू दिलं नाही, मलासुद्धा नाही. मग एके दिवशी फोन करून म्हणाला, फुई होणार तू. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. बाळाच्या कानात पहिल्यांदा नाव सांगायचं ते फुईने. त्याला बहीण मी एकटीच. त्या दिवशी फोन ठेवला आणि ट्रंका उघडल्या, ते संध्याकाळ झाली तरी मी कापडातच बसलेली होते. त्या एका नावासाठी मी बारा वर्षं वाट पाहिली होती, हे मला तेव्हा कळलं.

बाळाची पहिली गोधडी नव्या कापडाची करत नाहीत. जी बाई खूप जगली, तिच्या अंगावरचं लुगडं घ्यायचं, म्हणजे बाळालाही तिचं आयुष्य लाभतं. मी ठरवलं, एक नाही, तीन म्हाताऱ्यांची लुगडी मिळवायची, तिघी ऐंशीच्या पुढच्या. एक माहेरच्या गावातली आईची मावशी. एक आमच्या शाळेत पूर्वी पाणी भरायची ती. तिसरी जत्रेसाठी घोड्यांच्या झुली शिवणाऱ्या कारागिराची आई, तिच्याकडे तर मी चारदा गेले. दर वेळी तिची सून मला लुगडं काढून दाखवायची, आणि दर वेळी म्हातारी म्हणायची, मी मेल्यावर ने. शेवटी चौथ्यांदा मी रडायची बाकी राहिले तेव्हा तिने अंगावरचंच सोडून दिलं. दीड महिना रात्रंदिवस शिवत होते. धावदोरा इतका बारीक घातला की डोळ्यांपुढे ठिपके यायला लागले, आणि नवऱ्याने चष्म्याचा नंबर वाढल्याचं खापर बाळावर फोडलं.

सातव्या महिन्यात वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली, धानोऱ्याला. माझी गोधडी झाली आणि नेमका मला ताप भरला, वर खोकला. अशा वेळी पोटुशीजवळ जाऊ नये म्हणून मी गोधडी धानोऱ्याला रोज फेऱ्या मारणाऱ्या रिक्षावाल्याबरोबर पाठवायचं ठरवलं. घडीत कार्ड ठेवलं. कुठलं कापड कुणाचं, ती किती वर्षांची, तिला नातवंडं पतवंडं किती, हे सगळं कार्डात सुवाच्य अक्षरात लिहिलं. आणि कार्डाला शोभा यावी म्हणून एक नवी युक्ती केली. ओल्या ब्रशने रेघ ओढायची, पट्टी दाबून धरायची आणि कागद फाडायचा. मग कड कशी मऊ, पिंजल्यासारखी दिसते. मी वरचा उजवा कोपरा तसा फाडला, आणि फाटलेल्या जागी लुगड्याच्या काठाची चिंधी लावली. हात लांब करून बघितलं. फार सुंदर दिसत होतं.

दुपारी भावाचा फोन आला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "ताई, खरं सांग. कोन गयं?"

मला काही समजेना. मी विचारलं, कोण कुठे गेलं? तो म्हणाला, तुझं कार्ड आलंय धानोऱ्याला, कोपरा फाडलेलं. सासूने फोन केला, मी शेतातून तसाच पळत सुटलोय, कुणाचं काय झालं ते आधी सांग. आणि मग मला माझी ओली रेघ आणि पट्टी आठवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फोन नव्हते तेव्हा मयताची बातमी पोस्टकार्डावर यायची आणि त्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. असं कार्ड घरात आणायचं नाही, बाहेर उभं राहून वाचायचं, वाचून फाडून टाकायचं आणि सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घ्यायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी आठ वर्षांची असताना पोस्टमनच्या हातून असंच एक कार्ड घेऊन, वाचता येतं म्हणून मोठ्या ऐटीत वाचत वाचत थेट चुलीपर्यंत गेले होते. आईला त्या दिवशीचा रांधलेला स्वयंपाक सगळा कुत्र्यांना घालावा लागला होता. ते कार्ड माझ्या मामाच्या मरणाचं होतं. असं असून मी, ह्या हातांनी, पट्टी लावून, कोपरा फाडला. परदेशातली कोण कुठली बाई मोबाइलवर कागद फाडते, आणि मी जन्मात पाहिलेलं सगळं विसरून तिचं बघून फाडते. मला माझ्या बोटांची शिसारी आली.

कुणी मेलं नाही, हे भावाला सांगायला अर्धं मिनिट लागलं. त्याचा जीव भांड्यात पडला. पण धानोऱ्याला गोष्ट तिथे थांबली नाही. वहिनी तेव्हा तपासणीसाठी दवाखान्यात गेलेली होती, घरी तिची आई एकटी. तिने कार्ड हातात घेतलं, कोपऱ्याला बोट लागलं, तशी ती ते अंगणातच टाकून न्हाणीत गेली आणि लुगड्यासकट अंगावर पाणी घेतलं. मग तिला कळलं, की कुणीच गेलेलं नाही. आणि हेच वाईट झालं. कुणी गेलं नाही, तर मग कोपरा फाडून बाळंतपणाच्या घरी कार्ड पाठवायचा अर्थ काय? जे अजून झालेलं नाही ते व्हावं, हाच. तिने कार्ड चुलीत घातलं आणि जावयाला निरोप दिला, की बाळंतपण होईपर्यंत तुमच्या बहिणीची सावली इकडे पडता कामा नये, आणि पुढचं पुढे बघू.

पुढचं म्हणजे बारसं, हे मला सांगायला नको होतं.

मी भावाला म्हटलं, मी आत्ता येते, त्यांच्या पाया पडते, समजावून सांगते. तो म्हणाला, येऊ नको. म्हटलं, मग तू सांग. तो म्हणाला, मी सांगितलं, ती ऐकत नाही. म्हटलं, कार्डात सगळं लिहिलं होतं रे, कुठलं लुगडं कुणाचं ते. तो म्हणाला, त्या कार्डाची राख झाली. म्हणजे तीन ऐंशीपुढच्या बायांचं आयुष्य मी बाळासाठी गोळा केलं, हे सांगणारा एकमेव कागद त्याच कोपऱ्यापायी जळाला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. राग कुणावर काढावा ते कळेना. वहिनीच्या आईवर काढावा तर ती माझ्याच आईसारखं वागली होती. भावावर काढावा तर तो दोन्हीकडून चेपला जात होता. मग मी कार्डांवर काढला. कार्डांचा सगळा पसारा, पत्रिका, ब्रश, पट्टी, एका पोत्यात भरून माळ्यावर फेकला. नवऱ्याने ते पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पेपर न उघडता समोर बसून राहिले. त्याचाही मला रागच आला.

पुढचे दोन महिने कसे गेले ते विचारू नका. फोन वाजला की आधी कुणाचा ते बघायची, मग उचलायची. काही वाईट घडलं असतं तर ते माझ्या कोपऱ्यामुळे घडलं, असंच साऱ्यांनी धरलं असतं, आणि खरं सांगायचं तर मीही धरलं असतं. शिकलेली आहे, पोरांना विज्ञान शिकवलंय, ह्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. तरीही रोज देवापुढे दिवा लावताना मी त्या कोपऱ्याची माफी मागत होते, आणि मागतेय म्हणून स्वतःवर चिडत होते.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. मला कळलं ते भावकीच्या ग्रुपवर, तेरा जणांनी पेढ्यांची चित्रं टाकल्यावर. बारा वर्षं वाट पाहिलेल्या फुईला ही बातमी चौदाव्या नंबरवर. भावाने नंतर फोन केला, पण तो बोलण्याआधीच मी म्हटलं, कळलं मला, आणि ठेवून दिला. मग दिवसभर फोन का ठेवला म्हणून कुढत बसले.

बारशाच्या तीन दिवस आधी वहिनीचा फोन आला. बाळंतिणीचा आवाज, बारीक पण ठाम. "पोरनं नाव फुईच ठेवस. तुम्ही नही उनात ते मी दुसरा कोनले ठेवू देवाव नही." मी आले नाही तर ती दुसऱ्या कुणालाही नाव ठेवू देणार नव्हती. मागून तिच्या आईचं काहीतरी बोलणं ऐकू येत होतं. वहिनीने फोनवर हात ठेवला, काही बोलली, आणि पुन्हा मला म्हणाली, या.

काय न्यावं, ह्याचाच मला घोर पडला. घरात चार ट्रंका कापड, आणि त्यातलं एक चिंधीएवढंही न्यायची माझी हिंमत होईना. शेवटी बाजारातून झालरीचा गुलाबी फ्रॉक आणला, नायलॉनचा, पारदर्शक खोक्यातला, मी जन्मात कुणाला देणार नाही असला. खोक्याचे चारही कोपरे शाबूत आहेत ना, हे मी दुकानातच तपासून घेतलं. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला.

धानोऱ्याला पोचलो तर अंगणात मांडव, बायांची गर्दी. ओट्यावर कांद्याच्या गोण्या रचलेल्या, आणि त्यांच्यावर माझी गोधडी टाकलेली. वर मांजर झोपलेलं. दीड महिन्याचं माझं काम, तीन म्हाताऱ्यांची लुगडी, कांद्यावर. तळपायाची आग मस्तकात गेली. मी मनात सगळं जुळवून आणलं होतं, काय काय बोलायचं ते. तेवढ्यात वहिनीची आई आतून आली. लहानखुरी बाई, डोक्यावर पदर, हात पिठाचे. तिने मला पाणी दिलं. मी पाणी घेतलं आणि म्हटलं, मावशी, त्या कार्डात मी वाईट काहीच लिहिलं नव्हतं, वाचलं असतं तर कळलं असतं.

 ती हळू म्हणाली, "माले वाचता येस नही, बाई. कागदना कोपरा तेवढा वाचता येस." मग म्हणाली, "मन्ही पोर दोनदा रिकामा हातनी घर उनी. तिसरा टाइमले तो कोपरा मन्हा हातमा उना. मी काय समजानं व्हतं?"

  सुवाच्य अक्षरात मी जे जे लिहिलं होतं ते सगळं तिच्यासाठी कोरं होतं, आणि जे मी शोभेसाठी केलं तेवढंच तिने वाचलं. मी सगळ्यांवर चिडत होते, की मला कोणी समजून घेत नाही. ह्या बाईच्या हातात माझं कार्ड पडेल आणि तिला वाचता येत नसेल, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. ती पिठाचे हात पदराला पुसून आत निघून गेली.

पाळणा सजला. वहिनीने पोर माझ्या मांडीवर दिली. लाल, सुरकुतलेली, मुठी आवळलेली. आमच्याकडे फुई बाळाच्या कानाशी वाकली, की मागे उभ्या असलेल्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. थट्टाच असते, हलक्या हाताने, हसत हसत. मी वाकले. दोन-चार हात पाठीवर पडले, बाया खिदळल्या. आणि मग एक धपाटा असा बसला, की माझा श्वास छातीत अडकला आणि डोळ्यांत पाणी आलं. मी मान वळवली. मागे वहिनीची आई उभी होती. ती हसत नव्हती. तिचा हात अजून वरच होता. बायांना वाटलं म्हाताऱ्या विहीणबाईंना जोर आलाय, त्या आणखीच हसल्या. मी परत वाकले आणि पोरीच्या कानात नाव पुन्हा सांगितलं, कारण पहिल्यांदा माझ्या तोंडून नुसती हवा निघाली होती.

घरी आल्यावर नवऱ्याने पाठीला बाम चोळला. पाच बोटं उठली होती. ते म्हणाले, रीत झाली म्हणून काय, असं मारतात का कुणाला? त्यांना माझी बाजू घेताना मी फारच कमी वेळा ऐकलंय, तरी मी त्यांना गप्प केलं. तिने मारलं ते बरोबरच मारलं. मला राग होता तो एवढाच, की हा धपाटा तिने मला दोन महिन्यांपूर्वीच का नाही घातला. तेव्हा घातला असता, तर आम्हा दोघींना झोप लागली असती.